चंपाषष्ठीपर्यंतची मुदत

तालुक्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली अर्ज लिहिणाऱ्यांची टेबले असतात. त्यांतील डाव्या हाताचे पहिले टेबल माझे आहे. शाळा मी नववीत सोडली; भाषा मात्र सोडली नाही, आणि वकिलाच्या मसुद्यातील चूक त्याच्या तोंडावर दाखवण्याची छाती या आवारात माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला नाही. वारसाची नोंद, फेरफार, निराधाराचा अर्ज, वहिवाटीचा रस्ता अडवल्याची तक्रार, हे सर्व माझ्या हातून गेलेले आहे. गावात मला मुन्शीजी म्हणतात. हा मान मला वारशाने मिळालेला नाही, मी तो कमावलेला आहे. आरंभीच एवढे नमूद करण्याचे कारण असे की, पुढे जे लिहिणार आहे ते कोणा अडाण्याच्या हातून चुकून घडलेले नाही. ते मी समजून उमजून केले.

प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक वाक्य येते. वरील मजकूर ईश्वरास स्मरून खरा लिहून दिला आहे, खोटा आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन. हे वाक्य मी किती वेळा लिहिले याची गणती नाही. त्याखाली सही करणाऱ्यांपैकी पुष्कळजण खोटे बोलत आहेत हे मला ठाऊक असे, कारण ते खोटे नीट कसे मांडावे हे मीच त्यांना सांगितलेले असे. जिवंत बहिणीला वारसांतून वगळणारे भाऊ माझ्यासमोर ईश्वराला स्मरत, सही करत आणि समोरच्या हॉटेलात भजी खायला जात. एकाच्याही घशात भजे अडकले नाही.

प्रथम मला याचे हसू येई. पुढे हसू येईनासे झाले. ज्याला स्मरून हे लिहिले जाते तो हे वाचतो का, असा प्रश्न पडू लागला. आणि वाचत नसेल तर तो आहे, असे आपण कोणाच्या माहितीवरून म्हणतो? मला वडिलांनी सांगितले, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. ही ऐकीव माहिती झाली. ऐकीव माहितीवर कचेरीत सातबाऱ्यावरचे एक अक्षर बदलत नाही, आणि मी तिच्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षे हात जोडत आलो होतो.

शेजारचे टेबल एका टायपिस्टाचे आहे. त्याच्याजवळ आता संगणक असतो, तरी लोक त्याला टायपिस्टच म्हणतात. तो बौद्ध आहे. त्याच्या आजोबांनी जुना धर्म सोडला.

"तुमचं बरं आहे," मी एकदा त्याला म्हणालो. "तुमचा निकाल आजोबांनीच लावून ठेवला. तुमच्या डोक्याला ताप नाही."

"माझ्या आजोबाला गावच्या हिरीवर पानी भरू देत नव्हते, मुन्शीजी. देव खरा का खोटा, हे बघत बसला न्हाई तो. मानसं बघितली त्यानं, आन् निघाला."

"पण सत्य काय आहे ते तपासायला नको?"

"तपासा की. खोटा निघाला तर सोडनार का?"

मी पेनाचे टोपण काढून पुन्हा लावले.

"न्हाई सोडनार," तो प्रिंटरमध्ये कागद घालत म्हणाला. "तुमी फेरतपासनीचा अर्ज लावान."

आजूबाजूचे पक्षकार हसले. चार लोकांत माझा असा उपहास करण्याची हिंमत त्याच्याशिवाय कोणी करत नसे. पण तपासायचेच, हे त्या दिवशी मनाशी ठरले. कसे, ते ठरले नव्हते.

आमचे गाव हिंगोलीकडच्या डोंगरकडा या गावापासून जवळ आहे आणि कुलदैवत खंडोबा आहे. गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर त्याचे देऊळ आहे. एखाद्या वादाचा निकाल कशानेच लागत नाही तेव्हा गाव त्या देवळात जाते. साक्षीदार तळहातावर बेलाचे पान घेतो, त्यावर गुरव भंडारा ठेवतो, म्हणजे देवापुढची हळद, आणि तो हात देवासमोर उचलून साक्षीदाराने जे असेल ते बोलायचे. तो खोटे बोलला तर पुढची चंपाषष्ठी पाहत नाही, अशी गावाची पक्की समजूत आहे. देवाने दिलेली मुदत तेवढीच. पोलिसांना बिनदिक्कत फसवणारे लोक भंडारा उचलायच्या नावाने पाय मागे घेताना मी पाहिलेले आहेत. आणि एकदा तो उचलला गेला की त्या विषयावर गावात पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

माझी पत्नी वारल्यापासून आमच्या घरात चौघे होतो. मी, आई, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. त्यांना मूलबाळ नव्हते. भाऊ शेती पाहत असे. त्या वर्षी हळद शिजवून, वाळवून वसमतच्या बाजारात पोचवून झाली आणि तो काविळीने आडवा झाला. डॉक्टरांनी औषध दिले, पथ्य सांगितले. पंधरवड्याने तो उठून बसू लागला, भाताची पेज मागू लागला. त्याच सुमारास भावजयीच्या भावाचे गोरेगावला लग्न निघाले. निघायच्या दिवशी सकाळी ती पिशवी हातात घेऊन उंबऱ्याशी घुटमळत होती. आई गिरणीवर गेली होती. मी भिंतीशी बसून दाढी करत होतो.

"न्हाई जात मी," ती म्हणाली. "तुमचे डोळे अजून पिवळे दिसून राहिले."

"जा म्हनलं ना. हळदीला बहीन आली न्हाई तर तुझी माय मला शिव्या घालंल. मी काय मरून राहिलो का?"

"सकाळच्या पारी असं बोलू नका."

"मंग नीघ. उद्या लगीन लाव आन् परवा ये. येताना गोरेगावच्या बाजारातून करदोडा आन मला. हा तुटून राहिला कमरेचा."

"काळा का लाल?"

"लाल. काळा घालायला म्हातारा झालो का मी? इचार दादाला."

ती हसली, मी आहे हे ध्यानात येऊन तिने पदर पुढे ओढला, आणि गेली. डोंगरकड्याहून हिंगोली, हिंगोलीहून गोरेगावची जीप. हे सर्व बोलणे मी माझ्या दोन कानांनी ऐकले. माझ्याखेरीज ते कोणी ऐकले नाही.

त्याच दिवशी दुपारी भावाला रक्ताची उलटी झाली. गाडी मिळवून ती दारात येईपर्यंत तो गेला. गोरेगावला फोन लावले. तिथे हळदीचा बाजा वाजत होता, कोणी उचलला नाही. उचलला तेव्हा ती तशीच उठून निघाली आणि दिवेलागणीला दारात उतरली. तिच्या दोन्ही हातांना, गालांना, मानेला लग्नाची हळद तशीच होती. आईने तिला पाहिले आणि प्रेतापासून उठून दारात तिला आडवी आली.

"हळद खेळून आली बघा!" ती जमलेल्या बायांना ओरडून सांगू लागली. "माझं लेकरू पान्यासाठी तडफडून गेलं आन् ही भवानी हळद खेळून आली! कोनाला इचारून गेलतीस गं?"

भावाला पाणी मी पाजले होते. तो तडफडला नव्हता. परंतु त्या क्षणी आईचे वाक्य दुरुस्त करणे मला आवश्यक वाटले नाही.

तेरवीच्या दिवशी भावकी अंगणात बसली. आजारी नवऱ्याला टाकून, न विचारता, ही नाचायला गेली, असा आईचा आरोप होता, आणि अशा बाईला मी घरात ठेवणार नाही, असा तिचा हट्ट होता. भावजय खांबाला धरून उभी होती. तिच्या मुठीत तो लाल करदोडा होता. गोरेगावला जीपमधून उतरल्या उतरल्या तिने तो घेतला होता.

"त्यांनीच धाडलं मला," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं म्हून तर आनला ह्यो. न्हाईतर कशाला आनला असता?"

"बाजारात गेल्यावर कोनीबी काहीबी घेतं," आमचे चुलते म्हणाले. "त्याच्यानं काय शाबीत होतं?"

"दादा व्हते तिथं. दादांनी ऐकलं समदं." हे म्हणताना तिचा चेहरा उजळला. आता आपली सुटका झाली असे तिला वाटले असावे. "दादा भंडारा उचलतील. उचला दादा, म्हंजे मिटंल."

"बराबर हाय," चुलते म्हणाले. "मुन्शी भंडारा उचलून जे बोलंल ते आमाला कबूल."

आणि माझ्या आईनेही मान डोलावली.

आम्ही टेकाड चढलो. त्या चढणीवर माझ्या डोक्यात काय चालले होते ते मी आडपडदा न ठेवता लिहितो. भावाच्या मरणाचा राग माझ्यात होता आणि तो तिच्यावर काढावा अशी ओढही होती. नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु मुख्य कारण ते नव्हते. मुख्य कारण असे की, मी इतकी वर्षे ज्या संधीची वाट पाहत होतो ती आपण होऊन माझ्यापुढे आली होती. देवाची परीक्षा घ्यायची तर ती त्याच्याच देवळात, त्याच्याच नियमाने घ्यायला हवी. खोटे क्षुल्लक असेल तर देव त्याकडे दुर्लक्ष करील आणि निकाल संदिग्ध राहील. म्हणून खोटे मोठे हवे. त्याने कोणाचे तरी खरेखुरे नुकसान व्हायला हवे. ते नुकसान निरपराध माणसाचे असेल तर उत्तम, कारण मग देवाला गप्प बसायला सबब उरत नाही. मसुदा म्हणून याहून निर्दोष मसुदा मी आजवर केलेला नाही.

गुरवाने माझ्या तळहातावर बेल ठेवला, वर भंडारा ठेवला. मी हात उचलला.

"भाऊ तिला जा म्हणाला असे मी ऐकलेले नाही," मी म्हणालो.

ती किंचाळेल, माझ्या अंगावर धावून येईल, असे मला वाटले होते. तिने आधी देवाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या पाहण्यात राग नव्हता. खाली उतरताना ती मुद्दाम मागे राहिली आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "हे काय केलं दादा तुमी? आता तुमी मरान ना."

तिला घरातून काढले नाही, कारण जायला जागा नव्हती. ज्या हळदीच्या दिवशी ती विधवा झाली ती तिच्या भावाची हळद होती. तिकडची नवी सून तिचे तोंड पाहायला तयार नव्हती. आईने तिला हळद शिजवायच्या कढया ठेवतो त्या पत्र्याच्या खोलीत झोपायला जागा दिली. तिचे ताट वेगळे केले. भावाच्या फोटोला हार घालायला गेली तर आई तिचा हात झटकून टाकी. "जित्तेपनी पानी दिलं न्हाई, आता फुलं कशाला?" हे वाक्य मी रोज ऐकत होतो. ते खोटे आहे हे घरातल्या दोघांना माहीत होते. नळावर बाया तिची घागर सरकवून आपली लावत. कोणी विचारले तर उत्तर एकच असे, मुन्शीजींनी भंडारा उचलला आहे.

मला वेळेवर जेवण तीच वाढी. भाकरीवर तूप जरा जास्तच घाली, आणि मी जेवत असताना दाराआडून पाहत राही. ज्याचे थोडे दिवस उरले आहेत त्याला वाढावे तसे ते वाढणे होते. या मरणाबद्दल तिच्या मनात यत्किंचित शंका नव्हती. मला होती, परंतु पहिले काही आठवडे शंका असूनही माझी झोप उडाली होती. बुटात विंचू निघाला, तेव्हा मी कितीतरी वेळ बुटाकडे पाहत बसलो. श्रावणात ताप आला. कचेरीला जाताना एकदा जीप रस्ता सोडून खड्ड्यात गेली, दोघांचे हातपाय मोडले, मला ओरखडा आला नाही. त्या जीपमधून बाहेर पडताना मला सुटल्याचा आनंद झाला नाही. हात हालवत घरी आलो तेव्हा दारात उभी असलेली भावजय मला पाहून एकदम खाली बसली.

"काही लागलं न्हाई?" तिने विचारले.

"नाही."

"काईच न्हाई?" ती पुन्हा म्हणाली.

पोळ्यानंतर केव्हातरी मी हा प्रयोग टायपिस्टाला सांगितला. कोणाला तरी सांगायलाच हवा होता, आणि समजण्याइतकी अक्कल त्याच्याजवळ होती. तो ऐकत असताना त्याची बोटे थांबली.

"देव तपासायचा व्हता ना तुमाला?" तो म्हणाला. "मंग सोताच्या नरड्यावर सुरी ठेवून तपासायचा. त्या बाईला काहून मधी घेतलं?"

"खोटं लहान असतं तर निकाल लागला नसता," मी शांतपणे समजावले.

"आता लागला का?"

"चंपाषष्ठीला लागेल."

"मुन्शीजी, उद्यापासून माझा चहा सांगत जाऊ नका," तो म्हणाला आणि संगणकाकडे वळला. आजतागायत तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो. तिला खरे जाऊन सांगा, असे तो म्हणाला असता तर कदाचित मी त्याच दिवशी गेलो असतो. तो म्हणाला नाही. मीही विचारले नाही.

चंपाषष्ठी आली. देवळात तळी भरली, येळकोट झाला, वांग्याचे भरीत आणि रोडगे झाले. मी पंगतीत बसून पोटभर जेवलो. गुरवाने माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि चारचौघांत म्हणाला, "ह्या गावात खरं बोलनारा एकच मानूस राहिला, आमचे मुन्शीजी." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या दृष्टीने त्या क्षणी प्रकरण निकाली निघाले. देव नाही. असल्यास तो वाचत नाही. एवढे सिद्ध करून मी काय केले, तर उठून इतरांबरोबर हळद उधळली आणि इतरांपेक्षा मोठ्याने देवाचे नाव घेतले. टायपिस्टाने सांगितले होते त्याप्रमाणे मी काहीही सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बसलो असताना भावजय आली आणि माझ्या पायांवर डोके ठेवले. भावजयीने मोठ्या दिराला असे शिवण्याची आमच्यात रीत नाही. मी पाय मागे घेतले.

"दादा, माझं चुकलं," ती म्हणाली. "सात महिने मी तुमच्या मरनाची वाट बघितली. रोज बघितली. तुमी खोटं बोलले असं धरून बसले मी."

मी तिला उठण्याची खूण केली.

"पर काल तुमी देवाच्या म्होरं बसून जेवलात. मंग रातभर इचार केला. देव काही चुकत न्हाई. म्हंजे मीच चुकले. मला माह्यारी जायची लई हौस व्हती, दादा. हळदीला जायचंच व्हतं. ते झोपले असतील आन् मीच माझ्या मनानं ऐकलं असंल की, जा म्हनून राहिले. आईबाई बराबर बोलत्यात. मी न इचारता गेले."

"आणि करदोडा?" मी विचारले.

"तुटका दिसत व्हता त्यांच्या कमरेला. म्हून घेतला असंल मी."

माझ्या परीक्षेत सर्व शक्यता मी धरल्या होत्या. देव असेल तर मी मरेन. नसेल तर वाचेन आणि तिलाही कळेल की हे सगळे थोतांड आहे, असेही मी कुठेतरी गृहीत धरले होते. ती देवाला खरे ठेवण्यासाठी आपल्या नवऱ्याचा शेवटचा शब्द खोटा ठरवील, ही शक्यता मी धरली नव्हती. सात महिने पत्र्याच्या खोलीत तिच्याजवळ तेवढी एकच वस्तू होती. नवऱ्याने आपल्याला हसत पाठवले, ही आठवण. ती तिने त्या सकाळी माझ्या पायांपाशी ठेवून दिली.

मी तिला सर्व सांगितले. तिथेच, त्याच वेळी. मी ऐकले होते, मी खोटा भंडारा उचलला, का उचलला. भावाचे प्रत्येक वाक्य मी तिला म्हणून दाखवले, काळा का लाल पर्यंत. ती मान खाली घालून ऐकत होती.

"तुमी लई दयाळू, दादा," ती शेवटी म्हणाली. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हून बोलून राहिले."

"मी खोटं बोललो होतो, बाई!"

"भंडारा उचलून? मंग जित्ते कसे तुमी?"

मी तालुक्याला गेलो. मुद्रांकाच्या कागदावर स्वतःच्या हाताने माझे स्वतःचे प्रतिज्ञापत्र लिहिले. त्यात एक शब्द कमी नव्हता, एक शब्द जास्त नव्हता. घरी आणून तिला वाचून दाखवले. ईश्वरास स्मरून, या शब्दांपाशी तिने मला थांबवले.

"देवाम्होरं एकदा सांगून झालं तुमचं. आता कागदावर काहून फिरवता?"

"मग पुन्हा देवळात चल. पुन्हा उचलतो भंडारा."

ती घाबरून उभी राहिली. "न्हाई, न्हाई! माझ्यासाठी खोटा भंडारा उचलू नका. खरंच मरान तुमी."

आमचा आवाज ऐकून आई बाहेर आली. तिने कागद पाहिला. तिला वाचता येत नाही, पण मी काय सांगतो आहे ते तिने ऐकले. मग तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि एकदा सुनेकडे.

"अस्सं," ती म्हणाली. "बायको मेली तुझी, हिचा नवरा मेला. आता हिच्यासाठी देवाला खोटं पाडायला निघाला का, मुन्शी?"

पोटच्या मुलाला तिने प्रथमच त्या नावाने हाक मारली. दुपारपर्यंत ते वाक्य गल्लीत पोचले होते. मी कागद घेऊन चुलत्यांकडे गेलो, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून गालात हसले. "आमाला काय, मुन्शी. लगीन लावायचं तर लाव. पर त्याच्यासाठी खंडोबाला काहून मधी घेतो?" गुरवाकडे गेलो. त्याने कागदाला हात लावला नाही. एका गोष्टीचा भंडारा दोनदा उचलत नसतात, एवढेच तो म्हणाला, आणि गाभाऱ्याचे दार ओढून घेतले. संध्याकाळी नळावर बायांनी भावजयीला ज्या नावाने हाक मारली ते मी इथे लिहिणार नाही. न विचारता माहेरी गेली, एवढाच तोवर तिच्यावर डाग होता. मी खरे बोललो, आणि दुसरा लागला.

तिने मला एवढीच विनंती केली की हा विषय पुन्हा काढू नका. मी काढला नाही. ते प्रतिज्ञापत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. देव नाही, याचा पुरावा म्हणून मी ते कधीकधी वाचतो. तो पुरावा कायद्याने टिकणारा नाही हेही मला कळते. टायपिस्टाची माहिती ऐकीव आहे; मी खोटे बोललो हे जगात माझ्याशिवाय एकाच व्यक्तीला प्रत्यक्ष ठाऊक होते, आणि त्या व्यक्तीने आपली साक्ष फिरवली आहे.

दर रविवारी ती अनवाणी टेकाड चढते आणि देवळाच्या सर्व पायऱ्या झाडते. नवऱ्याला न विचारता गेल्याची माफी म्हणून हे व्रत तिने आपले आपण घेतले आहे. परवाच्या रविवारी मी तिच्या मागोमाग वर गेलो आणि पायरीवर बसलो. गावाला दिसेल याची मला आता फिकीर नाही. एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. ती इतकी लहान होती की प्रतिज्ञापत्रात घालण्याजोगी मला वाटली नव्हती.

"त्या दिवशी अकराच्या सुमारास," मी म्हणालो, "उलटी व्हायच्या आधी, तो निजून होता. घड्याळाकडे बघितलं त्यानं आणि मला विचारलं, दादा, जीप पोचली असंल का गोरेगावला? मी म्हणालो, पोचली असेल. तर म्हणाला, बरं झालं, ऊन व्हायच्या आत पोचली. एवढंच बोलला. नंतर काही बोलला नाही."

तिचा झाडू थांबला. ती वळली आणि माझ्याकडे पाहू लागली. माझ्या भावाला पाहून तिचा चेहरा जसा होत असे तसा तो क्षणभर झाला, अगदी क्षणभर, आणि मला वाटले की ती विश्वास ठेवील.

"लई चांगलं मांडता तुमी, दादा," ती म्हणाली. "उगं न्हाई लोक तुमच्याकडून अर्ज लिहून घेत."

मग तिने खाली वाकून पदर खोचला.

"उठा जरा. तितलं झाडायचं राहिलं."

मी उठून बाजूला झालो. तिने मी बसलो होतो ती पायरी झाडली आणि खालच्या पायरीवर गेली.